औषध थकलं म्हणजे माणूस संपला का?

वांगणीकरांनो, दोन मिनिटं वाचा.

फुफ्फुसाच्या कॅन्सरची पहिली गोळी लागू पडेनाशी झाली की आपलीच माणसं पुटपुटतात, "आता घरी न्या, काय उरलंय?" मला याचाच राग येतो. तपासल्याशिवाय कळणार कसं काय उरलंय ते?

ईजीएफआर बदल असलेले पेशंट गेफिटिनिब घेतात. ती थकली की साधारण निम्म्या जणांत टी७९०एम हा नवा बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब ही गोळी आहे. तपासणी रक्तातूनही होते. रक्तात नाही सापडलं तर पुन्हा बायोप्सी. बाकीच्यांना केमो, काहींना इम्युनोथेरपी. आणि वेदना, दम कमी करणं हेही उपचारच, हात वर करणं नव्हे!

२०२४ च्या बजेटमध्ये केंद्राने ओसिमर्टिनिबची कस्टम ड्युटी माफ केली. टाळ्या झाल्या. पण तपासणीच झाली नाही, तर ती माफी कुणाच्या कामाची?

दम लागलेला माणूस कर्जत लोकलच्या कॅन्सर पेशंटच्या डब्यात, तिथेही धडधाकट लोक बसलेले, परळला टाटाला जातो. रक्ताची नळी प्रवास करू शकते ना? मग उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात नमुना घ्या, मुंबईला पाठवा. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं, ते दारावर मराठीत लिहा.

मतं मागायला येतील तेव्हा हेच विचारा. आणि घरात पेशंट असेल तर डॉक्टरांना आजच विचारा, "पुन्हा तपासणी करायची का?"