‘लोकांना सवय नाही’ : एका सोयीस्कर समजुतीचा इतिहास

१/
ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा ठेवण्याचा विषय निघाला की सभागृहापासून चहाच्या टपरीपर्यंत एकच उत्तर ऐकू येते : ‘आपल्या लोकांना सवय नाही.’ इतिहासाच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही. विदर्भात तर मुळीच टिकत नाही. #धागा

२/
उदाहरणासाठी मौदा घ्यावे. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, कन्हानकाठचे तालुक्याचे गाव. भोवताली धानाची शेती. ग्रामपंचायत जाऊन येथे नगरपंचायत आली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशा प्रत्येक नागरी संस्थेतील प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्याची जबाबदारी टाकली. पुनर्वापर होत नाही, कुजत नाही, कशालाच उपयोगी पडत नाही, एवढाच कचरा भरावभूमीवर जावा, असेही त्या नियमांनी सांगितले.

३/
ही सवय नवी आहे काय? दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या कोणत्याही वैदर्भीय घराचा हिशेब पाहावा. उष्टे-खरकटे गाईम्हशींच्या घमेल्यात. शेण, काडीकचरा आणि चुलीची राख उकिरड्यावर. त्यातली मूठभर राख भांडी घासायला. जुने लुगडे गोधडीत, उरलेले बोहारणीकडे. रद्दी, काच आणि लोखंड भंगारवाल्याकडे. पाच वाटा होत्या आणि घरातल्या लहान मुलालाही त्या पाठ होत्या. ‘वर्गीकरण’ हा शब्द तेवढा कोणाला ठाऊक नव्हता.

४/
येथे कोणी सुवर्णयुगाचे चित्र रंगवू लागला तर त्यालाही थांबवले पाहिजे. उकिरडा अनेकदा विहिरीजवळ असे, पटकीच्या साथी येत, आणि मैला विशिष्ट जातींच्या डोक्यावरून वाहिला जाई. जुनी व्यवस्था काटकसरी होती, न्याय्य नव्हती.

५/
त्या काटकसरीला शास्त्राची जोड मिळाली ती होळकरांच्या इंदुरात. १९२४ मध्ये तेथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. काडीकचरा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते उलथून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथे सिद्ध झाली. १९३१ च्या ज्या ग्रंथाने ती जगभर पोहोचवली, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात पहिले नाव सर्वांना ठाऊक असते. दुसरे सहसा गाळले जाते.

६/
वाड शेतापाशी थांबले नाहीत. १९३४ मध्ये जॅक्सन यांच्यासह त्यांनी हीच पद्धत मानवी वस्तीतील कचऱ्याला कशी लावावी, यावर लेखन प्रसिद्ध केले. २०१७ पासून इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात वर्षामागून वर्षे पहिले येते तेव्हा ‘चमत्कार’ म्हणून टाळ्या पडतात. वस्तीच्या कचऱ्याचा शास्त्रीय विचार त्याच शहरात ८० वर्षांहून अधिक आधी झाला होता, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

७/
१९३५ मध्ये गांधीजी इंदूरला गेले आणि त्यांनी ही पद्धत ‘हरिजन’मधून लोकांपुढे मांडली. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तेव्हा सुरू झाले होते. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भिंतींना भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात, थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत घडवली. त्यांच्याच आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते. गाडगेबाबांचा खराटा याच प्रदेशातला, आणि ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय देणारे तुकडोजी महाराजही याच प्रदेशातले. अशा भूमीत ‘सवय नाही’ म्हणण्यास धाडस लागते.

८/
मग सवय मोडली कोठे? शहराच्या कारभारात. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर घाण म्हणजे वस्तीबाहेर काढायची वस्तू, हा विचार अधिकच पक्का झाला. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला जाऊ लागला. पुण्यासाठी उरुळी देवाची आणि फुरसुंगी, नागपूरसाठी भांडेवाडी. शहर तेवढे स्वच्छ झाले आणि शेजारच्या वस्तीच्या वाट्याला धूर आला. कार्यक्षमता मोजली जाऊ लागली ती ‘किती टन उचलले’ यावर. जेथे ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात, तेथे भिजलेला, मिसळलेला, जड कचरा हीच त्याची कमाई असते. वेगळा करून हलका झालेला कचरा त्याला का परवडावा? दोष मात्र गृहिणीच्या सवयीला.

९/
प्लास्टिकने उरलेसुरले काम केले. पूर्वीचा उकिरडा चुका पचवत असे. चिंधी पडली तरी कुजायची. आज ओल्या कचऱ्यात एक बॅटरी, फुटलेला बल्ब किंवा पाकिटांचे तुकडे गेले की ते खत शेतकरी बांधावर घेत नाही. ढीग वाढण्याचे मोठे कारण एवढे साधे आहे.

१०/
‘युरोपात शिस्त असते’ हेही ऐकवले जाते. पॅरिसचे प्रीफेक्ट युजेन पुबेल यांनी १८८३ मध्ये प्रत्येक इमारतीला तीन डबे सक्तीचे केले : कुजणारे एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, भांड्यांचे तुकडे आणि शिंपले तिसऱ्यात. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही त्यांचेच नाव आहे. डबा टिकला, वर्गीकरण मात्र रुजले नाही. ज्या चिंध्या वेचणाऱ्यांचे पोट त्या कचऱ्यावर होते, त्यांना विचारातच घेतले गेले नव्हते. त्यांनी कडाडून विरोध केला.

११/
महाराष्ट्रात तर या प्रश्नाला जातीचे कुलूप आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिले जात असल्याने सरकारने नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, येरवड्यात गांधीजींनी उपवास आरंभला, तेव्हा सरकार नमले. झाडू हाती घेण्याच्या परवानगीसाठी उपोषण करावे लागले, हे ध्यानात ठेवावे. ‘सवय नाही’ याचा खरा अर्थ बहुधा ‘ते आमचे काम नाही’ असा असतो.

१२/
हे कुलूप पुण्यात काही प्रमाणात उघडले. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातूनच आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. कचरावेचक बाई दारावर येते, वेगळा केलेला कचरा घेते, घराकडून शुल्क घेते आणि सुक्या मालाची विक्री तिची असते. घरातल्या माणसाला समोर एक चेहरा दिसतो. मिसळलेला डबा तिच्या हातात देताना थोडी लाज वाटते. फलकावरच्या घोषणेपुढे ती वाटत नाही.

१३/
पुणे मोठे आहे म्हणावे, तर वेंगुर्ले पाहावे. लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे होऊ लागले, प्लास्टिक डांबरी रस्त्यात गेले आणि दुर्गंधीच्या जागेवर लोक फिरायला येऊ लागले. मालवणी माणसाला जे जमले, ते वऱ्हाडी-नागपुरी माणसाला जमणार नाही, असे सांगणारा कोणता पुरावा आहे?

१४/
आणि मौद्याच्या तर शेजारीच धडा आहे. तेथील २,३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, राख उरते. १९९९ च्या अधिसूचनेपासून त्या राखेच्या वापराची जबाबदारी केंद्रावर आहे. २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. पालन किती होते, हा वेगळ्या धाग्याचा विषय. पण राखेला मालक आहे, वजन आहे, दंड आहे. घरातल्या केळीच्या सालीला यांपैकी काहीही नाही.

१५/
नगरपंचायतीचे प्रभाग १७. एवढ्या गावासाठी परदेशी यंत्र नको. घंटागाडीत आडवी भिंत हवी, कारण घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होताना एकदा दिसला की दुसऱ्या दिवशी कोणीही कष्ट घेत नाही. मिसळलेला डबा नाकारण्याचा अधिकार कामगाराला लेखी हवा. ठेका असेल तर देयक उचललेल्या टनांवर नको; वेगळ्या पोहोचलेल्या कचऱ्यावर हवे. भंगार वेचणाऱ्यांना ओळखपत्र आणि सुक्या मालावर हक्क हवा. ओल्या कचऱ्याचे गिऱ्हाईक तर गावाच्या वेशीवर, धानाच्या बांधीत उभे आहे.

१६/
यातले काहीच न करता रंगीत डबे वाटले, तर त्या डब्यांत पाणी भरून ठेवले जाईल. आणि पावसाळ्यात ढिगाऱ्यातून झिरपलेले पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत, तेथून गोसेखुर्दच्या जलाशयात उतरत राहील.