विश्लेषण : कोड न लिहिता केळीवरचा ‘हरण्या’ ओळखता येईल का?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पान पिवळे पडले की पहिला प्रश्न येतो : हरण्या, की नुसती अन्नद्रव्यांची कमतरता? हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. त्यावर औषध नाही. मावा किडीमुळे तो पसरतो, म्हणून रोगट झाड उपटून नष्ट करावे लागते. निदान चुकले तर एक तर चांगले झाड हातचे जाते, नाही तर रोग शेजारच्या बागेत पोहोचतो.

मोबाइलच्या फोटोवरून हे निदान करून पाहायचे असेल, तर आता पायथन यायलाच हवे असे नाही.

चौकटी जोडायच्या म्हणजे काय?

स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठाचे ‘ऑरेंज’ हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. त्यात ‘इमेज अ‍ॅनालिटिक्स’ हे अ‍ॅड-ऑन घ्यायचे. निरोगी आणि रोगट पानांचे फोटो दोन फोल्डरमध्ये ठेवायचे. फोल्डरचे नाव हीच फोटोची ओळख. मग पडद्यावर चौकटी मांडून माऊसने रेघा ओढायच्या. एक चौकट फोटो आत घेते, दुसरी प्रत्येक फोटोचे आकड्यांत रूपांतर करते (‘इन्सेप्शन’ मॉडेल निवडले तर एका फोटोचे २,०४८ आकडे), तिसरी त्यावरून वर्गीकरण शिकते आणि चौथी गुण देते. जर्मनीतील ‘नाइम’ याच जातकुळीतले. कल्पनाही नवी नाही. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना माहीत असलेले ‘लॅबव्ह्यू’ १९८६ पासून आहे.

मग अडते कुठे?

त्या चौथ्या चौकटीत. एकाच झाडाचे दहा फोटो काढले, त्यातले आठ शिकायला आणि दोन तपासायला गेले, तर उत्तर बरोबर येणारच. पेपर आधीच फुटलेला! प्रोजेक्टच्या पोस्टरवर ‘अचूकता ९८ टक्के’ दिसले की म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा : तपासणीचे फोटो कोणत्या बागेतले?

याचा मोठा दाखला २०१६ चा आहे. ‘प्लांटव्हिलेज’च्या ५४,३०६ फोटोंवर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातल्या, शिकताना न पाहिलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१.४ टक्क्यांवर आली. त्या संचात १४ पिके आहेत, केळी नाही. म्हणजे जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तरी तिच्या पानांचे फोटो आपल्यालाच काढावे लागणार, आणि प्रत्येक फोटोवर ‘हरण्या’ हे लेबल जाणकाराकडूनच लावून घ्यावे लागणार. ते काम कोणतीही चौकट करत नाही.

उपाय सोपा आहे. रावेरच्या बागांवर शिकवा, शिरपूरच्या बागांवर तपासा. ‘टेस्ट अँड स्कोअर’मध्ये तपासणीसाठी वेगळा डेटा जोडण्याची सोय आहे. त्यानंतर टक्केवारीपेक्षा ‘कन्फ्युजन मॅट्रिक्स’ बघा. किती रोगट पाने निरोगी ठरली, किती निरोगी पाने रोगट ठरली, हे तिथे वेगवेगळे दिसते. शेतकऱ्याला यातली कोणती चूक किती महागात पडते, हे त्यालाच विचारायला हवे.

एक व्यवहाराची गोष्ट : ‘ऑरेंज’मधली बहुतेक मॉडेल्स फोटो सर्व्हरवर पाठवतात. ‘स्क्वीझनेट’ मात्र तुमच्याच संगणकावर चालते. शेतात रेंज नसेल किंवा बागमालकाला फोटो बाहेर जायला नको असतील, तर तेच निवडा.