नाव तयार, पण इंजिनात ठिणगीच नाही?

पूर आला की सगळ्यात आधी नाव आठवते. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेचं पाणी जुन्या रेल्वे पुलापाशी २०८.६६ मीटरवर पोहोचलं आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांमधून माणसं बाहेर काढायला नावाच कामी आल्या. सांगली-कोल्हापूरकरांना तर २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर वेगळे सांगायची गरज नाही.

पण पूर ओसरला की तीच नाव शेडमध्ये जाते. तिच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन वर्ष-दोन वर्षं कोणी हात न लावता पडून राहतं आणि गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदे दुखतात, तरी ते हूं की चूं करत नाही. कोकणातल्या छोट्या मच्छीमार कुटुंबासाठी हाच प्रश्न रोजच्या चुलीचा असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नाव पाण्यात उतरवण्याआधी इंजिन तपासायला यापेक्षा चांगला काळ नाही.

पेट्रोल नीट येत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर संशय ठिणगीवर घ्या. मेकॅनिकच्या भाषेत, ‘प्लगला करंट नाही.’ महागडा भाग बदलण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने पाहा.

आधी सुरक्षा

इंजिन मोकळ्या हवेत ठेवा. पेट्रोलची टाकी आणि नळी काढून दूर न्या. सांडलेलं पेट्रोल पुसून वाफ उडून जाऊ द्या. ठिणगीचा व्होल्टेज हजारोंत असतो, त्यामुळे प्लगची वायर हातात धरून कधीही तपासू नका. लहान मुलांना लांब उभं करा.

लाल दोरी पाहिलीत का?

आउटबोर्ड इंजिनाला एक किल स्विच असतो. त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवतात. माणूस पाण्यात पडला, तर क्लिप निघते आणि इंजिन थांबतं. क्लिप जागेवर नसेल, तर ठिणगी पडणारच नाही. कितीतरी ‘बिघडलेली’ इंजिनं इथेच बरी होतात.

क्लिप ठीक असेल, तर प्लग काढून बघा. काळा, ओला किंवा गंजलेला असेल, तर सरळ नवा घाला. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तेलकट काजळीने प्लग मरणं नेहमीचंच. बजाज चेतक चालवलेल्या घरातल्या मोठ्यांना विचारा, प्लग साफ करणं हा तेव्हा घरगुती कामाचाच भाग होता.

ठिणगी कशी तपासायची?

स्वस्तातला स्पार्क टेस्टर वापरा. त्याची क्लिप इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि प्लगच्या भोकापासून दूर ठेवा, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. बाकीच्या प्लगच्या वायरीही इंजिनला टेकवून ठेवा. वायर मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढली, तर सीडीआय किंवा कॉइल जळू शकते. आता दोरी जोरात ओढा. निळसर, कडक ठिणगी म्हणजे ठीक. पिवळट, मरगळलेली म्हणजे कमजोर. इंजिन स्टार्टरवर फिरत असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. इंजिन हळू फिरलं, तर चांगली यंत्रणाही ठिणगी देत नाही.

एका सिलिंडरला की सगळ्यांना?

खरा उलगडा या एका प्रश्नात आहे.

फक्त एका सिलिंडरला ठिणगी नसेल, तर दोष त्याच्या कॅपमध्ये, वायरमध्ये किंवा कॉइलमध्ये शोधा. दोन्ही कॉइल सारख्या असतील, तर त्यांची अदलाबदल करा. दोष कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला, तर चोर सापडला.

एकालाही ठिणगी नसेल, तर दोष सगळ्यांच्या सामाईक भागात असतो. बहुतेक जुन्या मॅग्नेटो इंजिनांत स्टॉप स्विच करंट अर्थला देऊन इंजिन बंद करतो. स्विचच्या आत खारं पाणी शिरलं किंवा वायरचं आवरण घासलं गेलं, तर इंजिन कायम ‘बंद’च राहतं. म्हणून तपासणीपुरती स्टॉपची वायर सोडवा. ठिणगी आली, तर स्विच किंवा त्याची वायर बदला. पण वायर तशीच सोडून नाव पाण्यात नेऊ नका. किल स्विचशिवाय माणूस पडला, तर रिकामी नाव पंखा फिरवत त्याच्यावरच येऊ शकते.

तरीही ठिणगी नसेल, तर अर्थिंगचे जोड उघडा, हिरवा-पांढरा गंज पॉलिश पेपरने काढा आणि घट्ट आवळा.

मेकॅनिकचं काम

फार जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. पडून राहिलं की पॉइंटवर पातळ थर चढतो आणि करंट अडतो. पॉइंट साफ करून गॅप मॅन्युअलप्रमाणे लावली की अनेकदा काम होतं. मात्र फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, हातोडा नव्हे. नंतरच्या इंजिनांत तिथे स्टेटर आणि ट्रिगर असतात. ते मल्टिमीटरने मोजून, मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघावे लागतात. सीडीआयवर संशय सगळ्यात शेवटी घ्या, कारण तो महाग असतो आणि दुकानदार सहसा परत घेत नाही.

ठिणगी आली, आता पुढे?

इंजिन कोरडं चालवू नका. थंड ठेवणारा पाण्याचा पंप कोरडा फिरला की काही सेकंदांतच खराब होऊ लागतो. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये दहा मिनिटं चालवा. गावाची किंवा मंडळाची नाव असेल, तर महिन्यातून एक दिवस त्यासाठी ठरवून ठेवा आणि जोडीला दोन नवे प्लग, प्लगपाना आणि किल स्विचची एक जादा क्लिप प्लास्टिकच्या डब्यात बंद करून नावेतच ठेवा.