सॉकेट नव्हे, चिप मोजा

'चार कॅमेरे, २५ फ्रेम' असं खोक्यावर छापलेलं, आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो! जुन्या कॉम्प्युटरात कॅप्चर कार्ड टाकून स्वस्तात पाळत ठेवणाऱ्यांची ही फसवणूक जुनीच. पण सेकंडहँड बाजारातून तीच कार्डं उचलणारे अजून भेटतात, म्हणून लिहितोय.

कार्डाला मागे चार सॉकेट असतात. चिप बऱ्याचदा एकच, बीटी ८७८ सारखी. ती एका वेळी एकाच कॅमेऱ्याकडे बघते. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, भागिले चार, म्हणजे सव्वासहा? छे, तेवढ्याही नाहीत. दर वेळी कॅमेरा बदलला की चिपला नव्या सिग्नलशी जुळवून घ्यावं लागतं, त्यात फ्रेम वाया जातात. प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला दोन-तीन उरल्या तरी पुष्कळ. दारातून आत येणारा अर्ध्या सेकंदात मान फिरवतो, चेहरा गेला!

झोनमाइंडरला दोष देऊ नका (फुकट मिळतं ना, म्हणून आधी शिव्या त्यालाच). लिनक्समध्ये चार चिपच्या कार्डाची चार व्हिडिओ उपकरणं दिसतात, एका चिपचं एकच. विकत घेण्याआधी लावून बघा.

असल्या रेकॉर्डिंगच्या भरवशावर सोसायटी रात्रीचा वॉचमन काढते. मग चोरी झाली की एका धूसर फ्रेमवरून कामवाल्या मावशींवर संशय. मधलं काही टिपलंच गेलं नव्हतं, हे त्यांनी कुणाला पटवायचं?

एका चिपचं कार्ड गळ्यात पडलंच असेल, तर एकच कॅमेरा जोडा. दाराशी.