निकाह आमराईत करा, पण गुपचूप नको

आयटीतल्या आमच्या मित्रमंडळींत हल्ली एक शब्द वारंवार ऐकू येतो : एलोपमेंट. म्हणजे रानात, डोंगरउतारावर, मोजक्या माणसांत लग्न. हॉल नाही, स्टेज नाही, डीजे नाही. आपल्याकडे मात्र याच शब्दाचा अर्थ ‘पळून जाऊन लग्न’ असा होतो आणि घरात तो नुसता उच्चारला तरी अम्मीचा बीपी वाढतो. हे दोन अर्थ वेगळे ठेवायला हवेत, कारण पहिला मला मनापासून आवडतो आणि दुसऱ्याची किंमत बहुतेक वेळा मुलगी मोजते.

मूळ गोष्ट इंग्लंडची. 1753 च्या कायद्याने तिथे चर्चमध्ये विधी आणि 21 वर्षांखालच्यांसाठी आईबापांची संमती आवश्यक झाली. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे दोन साक्षीदारांसमोर एकमेकांना कबूल केले की लग्न झाले. मग जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीन या पहिल्याच गावात, लोहाराच्या ऐरणीसमोर उभी राहू लागली. दोन साक्षीदार आणि कबुली! वाचताना मला हसू आले. आपला निकाह तरी याहून किती मोठा असतो? इजाब-कुबूल, दोन गवाह, मेहर, खुतबा. पंधरा मिनिटांचे काम. बाकीचा सगळा खर्च हॉल, हार आणि ‘लोक काय म्हणतील’ यांचा. त्यासाठी मुलीचा बाप एफडी मोडतो आणि मुलगा पर्सनल लोन काढून संसाराची सुरुवात हप्त्याने करतो.

माझ्या खालाच्या मुलीचा निकाह आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या आमराईत केला. माणसे 38. नियोजन माझ्याकडे होते, म्हणजे अर्थातच एक्सेल शीट होती. दालचा, भात आणि मटण, बावर्चीच्या मजुरीसह 16,000 रुपये. दोन गाड्या 7,000. सतरंज्या, भांडी, नानीसारख्यांसाठी दहा खुर्च्या आणि पाण्याचे जार 3,500. काझीसाहेबांना 2,500. एकूण 29,000, कपडे आणि दागिने सोडून. आमराईच्या मालकांनी भाडे घेतले नाही, जेवायला मात्र सगळे घर आले. जोहरची नमाज झाडांखालीच झाली. खालूंना आधी वाटत होते की लोक याला गरिबी म्हणतील. दुपारी ते स्वतःच पाहुण्यांना विहीर दाखवत फिरत होते.

असे लग्न करायचे तर जागा आधी पक्की करा, आणि ती खाजगी असू द्या. वनखात्याच्या जमिनीवर, संरक्षित किल्ल्यावर किंवा कासच्या पठारावर सतरंजी पसरायला जाऊ नका. तिथे परवानगीचे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. आमराई असेल तर तारीख मालकाला विचारून ठरवा, कारण मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा निवडला. फेब्रुवारीनंतर गवत वाळते, वणव्याची भीती असते. तेव्हा उघड्यावर चूल पेटवण्यापेक्षा देग गावातून शिजवून आणा. बायकांसाठी संडासाची सोय जवळच्या घरात आहे का, हे सजावटीच्या आधी बघा. (फोटोग्राफर हा प्रश्न कधीच विचारत नाहीत.) पत्रावळी पानांच्या घ्या आणि कचरा परत न्या.

पण सगळेच कमी करायचे नसते. पाहुणे कमी करा, साक्षीदार आणि कागद नको. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा निकाह मित्राच्या फ्लॅटवर झाला, घरी न सांगता. निकाहनाम्याची प्रत नवऱ्याने ‘सांभाळून’ ठेवली. वर्षभराने तो म्हणाला, कसला निकाह? दोन्ही गवाह त्याचे मित्र होते, फोन उचलेनात. साधेपणाच्या नावाखाली झालेला हा निकाह प्रत्यक्षात लपवालपवी होती. निकाह जाहीर करावा असे आपल्याकडे सांगितले जाते, ते मिरवण्यासाठी नव्हे, तर उद्या कोणाला नाकारता येऊ नये म्हणून.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवा. एक गवाह तरी मुलीच्या बाजूचा असावा. निकाहनाम्याची प्रत त्याच दिवशी तिच्या हातात पडावी. मेहर आकडा म्हणून लिहायची नसते, द्यायची असते; सूरह निसाच्या चौथ्या आयतीत ती बायकांना खुशीने देण्याचा हुकूम आहे. इथे एक भाषेचा घोळही आहे. लगेच द्यायची मेहर आणि नंतर द्यायची मेहर, या दोन्हींसाठीचे अरबी शब्द देवनागरीत लिहिले की सारखेच दिसतात : मुअज्जल. प्रोग्रॅमिंगमध्ये दोन व्हेरिएबलना एकच नाव दिले तर कोड चालत नाही. सरळ मराठीत लिहा : ‘इतकी दिली, इतकी बाकी.’ हॉलचे वाचलेले पैसे मेहरमध्ये घालता आले तर फारच छान. आमच्याकडे तसेच झाले, रक्कम तिच्या खात्यात आधीच जमा होती.

शिवाय नोंदणी. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार लग्नाची नोंद 90 दिवसांत करायची असते, तीन साक्षीदार लागतात. काझींचा निकाहनामा आणि ही नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत. पासपोर्ट, व्हिसा, विमा, उद्या कोर्ट, सगळीकडे ही नोंद कामाला येते.

उरला प्रश्न घरून नकार असलेल्यांचा. कोकणातले आपण बहुतेक शाफई, तिथे मुलीच्या निकाहला वली लागतो. हनफींमध्ये सज्ञान मुलगी स्वतः होकार देऊ शकते. कोणाचेही असो, आधी घरातला एक तरी मोठा माणूस शोधा जो तुमच्या बाजूने उभा राहील. एखादे मामू, एखादी फुफी असतेच. तेही जमले नाही तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण हवा. नोटीस 30 दिवस कार्यालयात लागते, म्हणजे बातमी घरी पोहोचू शकते, हे धरून चाला. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी बोलावण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तेव्हा नोटीस आधी द्या आणि आमराईची तारीख त्यानंतरची घ्या.