अनेकवचनांचे कोडे: कौशल्य की जुगार?

इंग्रजी अनेकवचनांची काही कोडी मोठी गमतीची असतात. असा कोणता अनेकवचनी शब्द, की ज्याला आणखी एक ‘एस’ जोडताच तो पुन्हा एकवचनी होतो? उत्तर आहे ‘प्रिन्सेस’. राजपुत्र अनेक असतात. पण शेवटी एक ‘एस’ वाढला, की उरते एकटी राजकन्या. गायीला ‘काऊ’ म्हणणाऱ्या भाषेत तिचे जुने अनेकवचन ‘काइन’. रोमन लिपीत लिहून पाहिले, तर मूळ शब्दाचे एकही अक्षर त्यात सापडत नाही. अशा कोड्यांनी घटकाभर करमणूक होते. परंतु हीच अनेकवचने प्रश्नपत्रिकेत किंवा नोकरीच्या लेखी परीक्षेत अवतरली, की करमणूक संपते. ‘ऑक्स’चे ‘ऑक्सेस’ लिहिणाऱ्या परळ-लालबागच्या मुलाचा एक गुण जातो. आणि त्याबरोबरच, आपल्याला इंग्रजी कधी येणारच नाही, ही समजूत त्याच्या मनात घर करते. पहिल्या नुकसानीची नोंद गुणपत्रिकेत होते. दुसरीचा हिशेब कोणी मांडत नाही.

शब्दांचा खेळ बुद्धीचा की नशिबाचा, हा प्रश्न मुंबईला नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बक्षिसी शब्दकोड्यांचा मोठा बोलबाला होता. चमारबागवाला यांची शब्दकोडी बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून येत, आणि त्याचा खप मुंबई राज्यातही होता. मुंबई सरकारने या स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसविला, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसते, ती जुगाराच्या स्वरूपाची होय, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मागता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने १९५७ साली दिला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याची बंधने कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाहीत, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले.

हीच कसोटी वर्गातील अनेकवचनांना लावून पाहावी. ‘बॉक्स’चे ‘बॉक्सेस’, ‘फॉक्स’चे ‘फॉक्सेस’ असे शिकवायचे, आणि मग ‘ऑक्स’चे मात्र ‘ऑक्सन’ होते एवढेच सांगून पुढे जायचे, ही कौशल्याची परीक्षा म्हणता येईल काय? ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते, त्याला हा पत्ता आधीच ठाऊक असतो. इतरांना तो केवळ अंदाजाने ओढावा लागतो. वस्तुतः ‘ऑक्सेस’ लिहिणाऱ्या मुलाने नियम अचूक पकडलेला असतो. त्याचे उत्तर चुकले, तर्क चुकलेला नाही.

ही विक्षिप्त रूपे भाषेच्या लहरीतून आलेली नसून तिच्या इतिहासातून आली आहेत. प्राचीन इंग्रजीत अनेकवचन करण्याच्या अनेक पद्धती होत्या. ‘एस’ ही त्यांतील केवळ एक. ती हळूहळू सर्वत्र पसरली. ‘बुक’चे अनेकवचनही एके काळी ‘फूट–फीट’च्या धर्तीवर होत असे, पुढे ते ‘एस’ला शरण गेले. बैल, मूल, पाय, दात, उंदीर असे रोजच्या तोंडचे शब्द मात्र आपली जुनी रूपे टिकवून राहिले. ‘चिल्ड्रन’मध्ये तर अनेकवचनाचे दोन जुने प्रत्यय एकावर एक चढले आहेत. विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या आद्य मुद्रकाने १४९० साली एका प्रस्तावनेत सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. एका व्यापाऱ्याने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली, तेव्हा आपल्याला फ्रेंच येत नाही, असे तिने सुनावले! तिच्या बोलीत अंड्यांना ‘आयरेन’ म्हणत. जिथे इंग्रजांचीच अशी अडचण झाली, तिथे आपल्या मुलांनी शरमिंदे का व्हावे?

शिवाय या कोड्यांचे कौशल्य आपल्या मुलांपाशी मुळातच आहे. ‘माळ’चे अनेकवचन ‘माळा’, पण ‘चाळ’चे ‘चाळी’; ‘वीट’चे ‘विटा’, पण ‘भिंत’चे ‘भिंती’. हा भेद कोणत्या नियमाने होतो, हे भल्या भल्या सुशिक्षितांना चटकन सांगता येणार नाही. लालबागच्या चाळीतील पाच वर्षांचे मूल मात्र तो न चुकता पाळते. ‘लाडू’चे अनेकवचन ‘लाडू’च, एक खाल्ला की चार खाल्ले, हे क्रियापदावरून कळते. ‘शीप’चेही नेमके असेच आहे. ‘सासू–सासवा’, ‘जाऊ–जावा’ यांपुढे ‘माऊस–माइस’चे नवल ते काय?

ही रूपे अखेर पाठच करावी लागतात, मग इतिहासाचा प्रपंच कशाला, असे काही शिक्षक म्हणतील. पाठांतराला पर्याय नाही, हे मान्यच आहे. तथापि कारण कळलेले पाठांतर टिकते. न कळलेले परीक्षेनंतर पुसले जाते. प्रश्न न्यायाचाही आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणगावातील पुढच्या पिढीला कचेऱ्यांची दारे ठोठवावी लागली. त्या दारांवर इंग्रजी ही अनेकदा कामाची गरज नसून केवळ चाळणी असते. अर्थशास्त्रात ‘डेटा’ हा शब्द आम्ही रोज वापरतो. तो मूळचा ‘डेटम’चे अनेकवचन, आज इंग्रज लेखकही तो सर्रास एकवचनी वापरतात. त्यामुळे कोणाची आकडेमोड बिघडलेली नाही.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. त्या तासाला ही कोडी अवश्य घालावीत. पण दोन्ही भाषांतून. आधी ‘माळ’ आणि ‘चाळ’ विचारावे, मग ‘बॉक्स’ आणि ‘ऑक्स’. आपल्या भाषेतील कोडे आपण नकळत सोडविलेले आहे, हे ज्या मुलाला एकदा उमगले, तो दुसऱ्या भाषेतील कोड्यापुढे मान खाली घालून उभा राहणार नाही. यासाठी अनुदान लागत नाही, नवे पाठ्यपुस्तकही लागत नाही; तासातील पाच मिनिटे पुरतात.