मटणाच्या वारी शेंगोळी

रविवारी मला मटण लागतं. पण कारभारणीनं माळ घातली आणि घरात मटण शिजायचं थांबलं. पहिल्याच रविवारी ताटात हुलग्याची शेंगोळी! "हे काय, आजाऱ्याचं जेवण?" मी बोलून गेलो. ती काही बोलली नाही, जेवलीही नाही.

गावोगाव कडधान्याचे गुण सांगणारा मीच. १०० ग्रॅम कोरड्या हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं (शिजल्यावर पाण्यानं प्रमाण उतरतं, हे खरं), आणि बाजरीत कमी पडणारं लायसीन हुलगा भरून काढतो. भाषणं बाहेर, घरी तोंड वाकडं!

संध्याकाळी शेंगोळी मीच तापवली, दोन ताटं वाढली. रस्सा आळून दाट झाला होता. मी पुन्हा पातेल्यात पळी घातली, तशी ती म्हणाली, "आजाऱ्यानं बेतानं खावं."